माळकऱ्याच्या अंगाला मुशीचा वास

सरावलीच्या आमच्या चाळीत यंदा भाद्रपदात बातमी फिरली, की माळकरी रामकिसन मासे खायला लागला. तेही चोरून, बाहेरच्या बाहेर. पुरावा कुणी मागितलाच तर जिन्याकडे बोट दाखवलं जाई. रामकिसन घरी आला की चाळीतली मांजरं शेपट्या उभ्या करून त्याच्या मागोमाग जिना चढत आणि दार लागलं तरी उंबऱ्याशी बसून राहत. वर्षानुवर्षं भजनात मृदंग वाजवूनही एवढी भक्त मंडळी त्याला कधी लाभली नव्हती.

बातमी खोटी होती. मांजरं खरी होती. मधली गोष्ट अशी.

रामकिसन मूळचा परभणीकडचा, बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात पाळीवर. त्याची बायको मैनाबाई बाजारात भाजी विकते. दोन वर्षांपूर्वी ती भर उन्हात दुकानावरच कोसळली. रामकिसनचा फोन कारखान्याच्या लॉकरात. समोरच्या रांगेत शिरगावची नलू मासे विकत बसली होती. तोवर दोघींचं बोलणं म्हणजे 'तुझं पाणी माझ्याकडं येतंय' इतपतच. पण नलूनं पाटी तशीच उन्हात टाकली, मैनाबाईला रिक्षात घातलं आणि पाळी सुटून रामकिसन पोचेपर्यंत दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. रामकिसन हात जोडायला लागला, तर नलू म्हणाली, तिला आधी पेज पाजा. आणि पदर खोचून आपल्या माशांचं काय झालं ते बघायला गेली.

यंदा नलूच्या नवऱ्याचा, नवशाचा हात मोडला. प्लास्टर चढलं. नलू जाळं ओढणार की होडी वल्हवणार? होडी खाडीकाठी पडून राहिली. हे मैनाबाईकडून कळताच रामकिसन स्कूटर काढून शिरगावला गेला आणि म्हणाला, हात बरा होईस्तोवर, पाळी सांभाळून, वल्हं माझं. फक्त माशाला हात लावणार नाही. नवशा त्याच्याकडे आणि माळेकडे आळीपाळीनं बघत राहिला. विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेला माणूस, पहिल्या दिवशी त्यानं होडी जात्यासारखी जागच्या जागी फिरवली. पण वल्हं जमलं. जमेनात ते किडे.

खाडी आत वळली की दोन्ही बाजूंनी तिवरांचं रान जवळ येतं, वारा पडतो, ओहोटीनं चिखल उघडा होतो, आणि मग मुरकुटं उठतात. डासाहून कितीतरी बारीक, डोळ्याला दिसत नाहीत, पण कानात, पापणीत, दाढीच्या मुळाशी शिरून आग लावतात. रामकिसननं त्यावर कारखान्यातली अक्कल लढवली. हेल्मेट, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात रबरी मोजे. मुरकुटं हेल्मेटात शिरली खरी, बाहेर यायची वाट मात्र त्यांना सापडेना. दोन्ही हातांनी हेल्मेट काढायला म्हणून त्यानं वल्हं सोडलं, होडी तिवरात घुसली आणि फांदीवरचं तांबड्या मुंग्यांचं घरटं सदऱ्यात पडलं. मग तो स्वतःलाच थपडा मारत सुटला.

"काय वो माळकरी," होडीत जाळं आवरत बसलेली नलू म्हणाली, "येवढे जीव मारता, ह्याचं पाप कोनाच्या डोक्यावर?"

प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन होडीत बसणाऱ्या नवशानं हळूहळू त्याला खाडीची रीत शिकवली. हात उगारायचा नाही, होडी डुलते. काठ सोडून मध्यावर राहायचं, तिथं वाऱ्याची झुळूक असते. फांदीला डोकं लावायचं नाही. घमेल्यात नारळाची सोडणं धुमसत ठेवायची आणि धूर आपल्या अंगावरून जाईल असं बसायचं. बाकी सगळं जमलं, पण आत जाळ्यापाशी थांबलं की धूर वर जाई आणि मुरकुटं खाली येत. एका दुपारी डोळे सुजून बंद व्हायला आले, तेव्हा रामकिसन वल्हं मांडीवर ठेवून म्हणाला, उद्यापासून दुसरं कुणी बघा. त्या दिवसांत जो तो आपापल्या होडीवर, दुसरं कुणी मिळणार नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

नलूनं फळीखालचा डबा पुढं सरकवला. होडीच्या लाकडाला लावायचं, मुशी माशाच्या काळजाचं तेल. आमची मानसं अंगालाबी ह्येच लावतात, एवढंच ती म्हणाली. डब्याचं झाकण उघडताच रामकिसननं तोंड फिरवलं. मग त्याला डोळ्यांपुढे घरात वाटीभर पेज पिणारी मैना दिसली. त्यानं माळ उचलून दातांत धरली, तिला थेंब लागू नये म्हणून, आणि मान, कान, हात सगळं चोपडून घेतलं. मुरकुटं घोंगावत राहिली, बसेनात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वल्ह्यावर होता.

घरी मैनाबाई बेसन आणि लिंबानं त्याची पाठ घासायची. एवढा वास, पण तिनं एकदाही नाक धरलं नाही. त्यानं वास कमी होई, मांजरांच्या मनातून मात्र जात नसे.

एकादशीला भजनाच्या खोलीबाहेर मांजरं येऊन बसली, तेव्हा मंडळाचे प्रमुख भगवंतराव यांनी टाळ थांबवले. देवासमोर खरं सांग, म्हणाले, नाहीतर मृदंग खाली ठेव. रामकिसननं मृदंग मांडीवरून काढला नाही. नवशाचं प्लास्टर अजून उतरायचं होतं. सगळे त्याच्या अजून सूज न उतरलेल्या कानांकडे बघत होते.

तो म्हणाला, "भगवंतराव, नलूबाईमुळं माझी मैना आज घरात हाय. तिच्या नवशाचा हात बरा होस्तवर त्याची होडी म्या वल्हवणार, अन् मुरकुटांसाठी अंगाला लावायच्या तेलाचा हा वास राहणार. मासा काय म्या खाल्ला न्हाई. मुरकुटांनी मलाच खाल्लं. मांस सोडायची माळ घालायची तर त्यांना घाला."