बाळाची खुर्ची, आईंची सीट

“मांडी काय बाजारातून आणावी लागती का? हाये की घरची. तरी बी गाडीत खुर्ची पायजे म्हणं.”

सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीशी बोलत होत्या. मी गच्चीवरून वाळलेले लंगोट घेऊन उतरत होते आणि जिन्याच्या वळणावर थांबले. पुढं गेले असते तर ऐकलं हे कळलं असतं, मागं फिरले असते तर चपला वाजल्या असत्या. म्हणून लंगोटांचा ढीग छातीशी धरून तिथंच उभी राहिले. पलीकडून बहीण काहीतरी म्हणाली असावी. सासूबाई हसल्या. “नाय गं, भांडत नाय ती. भांडली असती तर बरं झालं असतं. मोबाईलमधलं चित्र दाखवती आणि गप बसती.”

ते खरंच होतं. कार सीटचं चित्र मी नवऱ्याला दाखवलं होतं, त्यानं ते चहाच्या वेळी आईला दाखवलं, आणि मी चहा गाळत राहिले.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण ती मोजूनमापून, नीटनेटकी. सासरची माणसं मूळची कन्नड तालुक्यातली. शेती अजून तिकडंच आहे, काका-सासरे ती बघतात. माझ्या सासऱ्यांनी चितेगावच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि या शहरात घर बांधलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी जेवताना एक लांबलचक वाक्य बोलले, तेव्हा सासरे ताटातून वर बघत म्हणाले, “बातम्या लागल्या वाटतं.” सगळे हसले, मीही हसले. त्यात डंख नव्हता. पण तेव्हापासून मी वाक्यं छोटी केली, आणि पुढं पुढं त्यांच्याऐवजी मान हलवू लागले. बोलत नसलं की माणूस बघतो फार. मी बघत असायचे.

गाडीच्या खुर्चीआधी जेवायची खुर्ची आली, आणि ती किती सहज आली. मुलगी उष्टावणाला आली तेव्हा सासूबाई स्वतःच म्हणाल्या, “चल, बघून येऊ.” शहागंजमधल्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं एक झगमगीत हाय चेअर पुढं ओढली. “ये देखो मौसी, चाकां भी हैं इसको.”

“चाकं कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “भाजी विकायला निघालीय का ती?”

नवऱ्यानं हसू दाबलं. मी वाचून आले होते ते तपासत होते: पायांचा घेर रुंद आहे का, कमरेचा आणि दोन पायांमधला पट्टा आहे का, हलवली तर कलंडते का. बोलत नव्हते, नुसती खुर्ची गदागदा हलवत होते. सासूबाई दुसऱ्या बाजूनं वाकल्या आणि गादीच्या शिवणीत बोट घालून म्हणाल्या, “इथं भात जाणार. भात गेला की मुंग्या आल्या. गादी नको, साधी प्लास्टिकची दाखवा. धुता आली पायजे.” मग ट्रे काढून बघितला, परत लावला. आणि शेवटी असा प्रश्न विचारला जो मी वाचलेल्या कुठल्याच पानावर नव्हता. “पाय निघतेत का ह्याचे?”

“निकलते ना मौसी, चारों पावां निकलते.”

“मग ही द्या.”

आमच्या घरी जमिनीवर बसून जेवतात. ओट्याजवळ लांब सतरंजी, तिच्यावर चौघांची ताटं. उंच पायांची खुर्ची आणली असती तर मुलीला सगळ्यांच्या डोक्याचे भांग दिसले असते. मला हे सुचलंच नव्हतं. घरी आल्यावर नवऱ्यानं पाय काढले, खुर्ची सतरंजीच्या टोकाला ठेवली, मी पट्टा लावला, आणि आमची पोरगी आजोबांच्या बरोबर समोर येऊन बसली. तिनं वाटी ट्रेवर आपटली. “आल्या बाईसाहेब पंगतीला,” सासरे म्हणाले आणि आपलं ताट तिच्याकडं जरा सरकवून घेतलं. त्या दिवसापासून ते टीव्हीसमोर ताट नेईनासे झाले.

म्हणून मला वाटलं होतं की गाडीची खुर्चीही अशीच येईल. पण ती मांडीशी अडली.

आमची गाडी लहान आहे. मुलगी व्हायच्या आधी बसायची पद्धत ठरलेली होती: नवरा चालवणार, शेजारी सासरे, मागं सासूबाई आणि मी. सासूबाई निघताना हमखास फ्रीजमधून एक लिंबू घ्यायच्या आणि ते मुठीत धरून बसायच्या. मधूनच नाकाशी न्यायच्या. सासरे पुढून म्हणायचे, “मिरच्या बी घे सोबत. ट्रकला टांगतेत तसं.” त्या उत्तर द्यायच्या नाहीत, डोळे मिटून घ्यायच्या. कन्नडपर्यंतचा रस्ता त्यांनी मागच्या सीटवरून बहुतेक डोळे मिटूनच काढलेला असणार.

मुलगी झाली आणि हे बदललं. मला माहेरून घरी न्यायला आले तेव्हा सासूबाईंनी बाळाला पदराखाली घेतलं आणि सरळ पुढचं दार उघडलं. “मागं लई गचके बसतेत, पोरीला त्रास होईल.” सासरे मागं जाऊन बसले. नातीला घेतलेल्या बाईला कोण उठवणार. तेव्हापासून कुठंही जायचं तर त्या पुढं, मांडीवर नात, आणि सासरे माझ्या शेजारी गुडघे दुमडून. पुढं बसल्या की त्या वेगळ्याच व्हायच्या. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायच्या. “कसाबखेडा आलं बघ बाई. आता वेरूळ येईल.” मुलगी त्यांच्या गळ्यातल्या पोतीशी खेळत असायची. मला ते बघायला आवडायचं, आणि तेवढीच भीतीही वाटायची. एकाच वेळी दोन्ही.

मग एकदा कन्नडहून परत येताना वळणावर मेंढरं आली. मेंढपाळ पलीकडून हात करत होता, पण कळप आधीच रस्त्यावर उतरला होता. नवऱ्यानं जोरात ब्रेक मारला. मला मागून एवढंच दिसलं की सासूबाईंचं सगळं अंग पुढं गेलं आणि त्यांचा एक हात डॅशबोर्डवर आदळला. दुसऱ्या हाताच्या कवेत मुलीचं डोकं होतं. गाडी थांबली. मुलगी एकदम रडली, आणि ती रडली म्हणून आम्ही श्वास घेतला. मेंढरं शांतपणे बॉनेटला घासून गेली. सासरे म्हणाले, “देवानं राखलं.” मग घर येईपर्यंत कुणी पाट्या वाचल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाकरीचं पीठ मळताना सासूबाईंचा पदर सरकला. कोपराजवळ काळंनिळं झालं होतं. मी बघतेय हे लक्षात येताच त्यांनी पदर ओढून घेतला. “दाराला लागलं,” त्या म्हणाल्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं असं मला वाटत राहिलं. वाक्य तयारही होतं: आई, तुमचा हात कितीही घट्ट असला तरी तो ब्रेकपुढं टिकत नाही. मनात ते छान जमायचं. ओठांपर्यंत आलं की बातम्यांसारखं वाटायचं. म्हणून मी नवऱ्याला चित्र दाखवलं.

जिन्यावरचं ते बोलणं ऐकल्यावर मात्र मी त्याला चित्र न दाखवता तोंडानं सांगितलं की सीट घ्यायचीच. एका ओळखीच्यांनी त्यांची जुनी देऊ केली होती. ती सीट असताना त्यांच्या गाडीला कधी धडक बसली होती का, हे त्यांना नक्की सांगता येईना, म्हणून ती नको म्हटलं. मुलीच्या वजनाला आणि उंचीला चालेल अशी नवी घेतली. मागच्या सीटवर, तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं करून बसवायची. पुढच्या डाव्या सीटच्या मागं ती बसली. नवऱ्यानं तिच्यात गुडघा रोवून गाडीचा पट्टा ओढला, मी पट्ट्याजवळ धरून हलवून बघितली. हलली नाही. मग मुलीला बसवलं, खांद्यावरचे पट्टे ओढले आणि चिमटीत पट्ट्याची घडी येतेय का ते बघितलं. येत नव्हती, म्हणजे बरोबर. मुलीनं पट्ट्याचं टोक तोंडात घातलं.

सासरे बाहेर येऊन बघत होते. “पुढं एअरबॅग हाये की. सगळ्यात सेफ जागा तीच ना?”

“ती मोठ्या माणसासाठी, बाबा,” नवरा म्हणाला. “एवढ्याशा बाळाला तिचाच फटका बसेल. आणि धडक बसली तर मांडीवरचं बाळ हातात राहत नसतं.”

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मला वाटलं आता काहीतरी येईल. त्या एवढंच म्हणाल्या, “बसवा. पोरीपुढं मांडी काय मोठी नाय.” आणि आत गेल्या.

मी जिंकले होते, पण मला तसं वाटेना.

जावळाचा दिवस ठरला. कन्नडच्या शेतावर सासरच्यांचा देव आहे, मुलीचंही जावळ तिथंच काढतात. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं, म्हणून माझा भाऊ परस्पर तिकडं येणार होता. आदल्या दिवशी सासूबाईंनी पुरणाची डाळ निवडता निवडता जाहीर केलं, “तुम्ही जाऊन या. मला नाय जमायचं.”

“कामून?” सासरे म्हणाले.

“मांडी मामाची लागती. माझं काय काम तिथं?”

“रुसायलीस व्हय लेकरावानी?”

“रुसतीय कशाची. गुडघा दुखायलाय.”

पण दुपारी त्यांना त्याच गुडघ्यानं माळ्यावर चढून मोठं पातेलं काढून आणताना मी बघितलं. नवरा मला हळूच म्हणाला, “सीटचा राग आहे. उतरेल.” मीही तेच धरून चालले. संध्याकाळी सासरे म्हणाले, “आजी नाय तर जावळ कसलं,” आणि त्यांनी कपाटातून काठापदराची साडी काढून ठेवली, म्हणजे येणार होत्या.

सकाळी गाडी दारात लावली. मागच्या डाव्या बाजूला मी मुलीला सीटमध्ये बसवलं, पट्टे लावले. जाडजूड स्वेटर काढून वरून शाल टाकली, कारण स्वेटरवरून पट्टा घट्ट बसत नाही. सासरे नवा सदरा घालून आले, पुढचं दार उघडलं आणि बसले. लगेच उठले.

“माझे गुडघे कुठं ठेवू? डोक्यावर?”

मुलीच्या सीटला जागा व्हावी म्हणून पुढची सीट बरीच पुढं सरकवलेली होती. सासरे उंच आहेत. नवऱ्यानं सीट मागं ढकलून बघितली, ती बाळाच्या खुर्चीला टेकून अडली. त्यानं घड्याळ बघितलं. “आजच्यापुरती खुर्ची डिकीत टाकू का? हळू चालवतो मी. आई घेईल मांडीवर.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली असती तर त्याला त्याचा अर्थ काय लागला असता कोण जाणे. इतकी वर्षं मी हो आणि नाही दोन्हीला तीच मान वापरत आले होते.

तेवढ्यात सासूबाई कुलूप लावून आल्या. काठापदराची साडी, एका हातात नैवेद्याचा डबा. त्यांनी डिकीबद्दलचं ऐकलं असणार, पण हो म्हणाल्या नाहीत. मांडी पुढं केली नाही. त्या खुर्चीतल्या नातीकडं बघत होत्या, आणि दुसरा हात त्यांनी मिटलेला होता. त्या मुठीतून हिरवट पिवळं लिंबू दिसत होतं.

कितीतरी महिन्यांत मी ते लिंबू बघितलं नव्हतं. नात मांडीवर असल्यापासून ते फ्रीजमध्येच राहायचं. पुढं बसल्यावर त्यांना ते लागायचंच नाही. पाट्या वाचत जाणाऱ्या माणसाला मळमळत नाही. आयुष्यभर मागं बसून मळमळतं हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण पुढची जागा मागायची असते हेच कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. नातीमुळं ती न मागता मिळाली. आणि मी खुर्ची आणून नात मागं नेली, तेव्हा ती जागाही गेली. मला वाटत होतं त्यांना मांडी सोडवत नाही. मांडी तर त्यांनी कोपर काळंनिळं झालं त्याच दिवशी मनातून सोडली असेल.

घरात दोन बायका गप्प बसणाऱ्या, आणि मला वाटायचं मी एकटीच.

माझ्याकडं सोयीचं कारण होतं. बाबांचे गुडघे मावत नाहीत, आई बुटक्या आहेत, म्हणून त्या पुढं. कुणाच्याच मनाला लागलं नसतं. पण तशी मिळालेली जागा बाबांच्या गुडघ्यांची झाली असती, त्यांची नाही.

नवरा मागचं दार उघडून पट्ट्याच्या बटणाकडं वाकला होता. मी त्याचा हात बाजूला केला. आवाज माझाच होता, जरा मोठाच निघाला.

“खुर्ची निघणार नाही. बाबा, तुम्ही मागं या, नातीला पाट्या तुम्ही वाचून दाखवा. आणि आई, ते लिंबू घरात ठेवून या. मागं बसलं की तुम्हाला मळमळतं. आजपासून पुढं तुम्हीच बसायचं.”