तीन महिन्यांचे तीन दिवस

मी चौथी पास, तीही मास्तरांच्या मेहेरबानीने. नटवून लिहिता येत नाही. झालं ते सरळ सांगतो.

सौदीतल्या खोबर शहरात एका फुटबॉल क्लबात मी धोबीकाम करायचो. जर्सी धुवायच्या, बूट पुसायचे, मैदानाला पाणी मारायचं. क्लबाचा स्ट्रायकर तिथलाच, ऐन पंचविशीतला. टीमचे निम्मे गोल त्याचेच. सिग्नलला लोक गाडीची काच खाली करून त्याला सलाम करायचे. मला मात्र त्याची कीवच यायची. धोब्याचे हात साठीपर्यंत चालतात. स्ट्रायकरचे पाय तिशीला म्हातारे होतात, आणि एकदा गुडघा गेला की सलाम करणारे दुसऱ्या गाडीकडे बघतात.

कुवेतचं युद्ध पेटलं आणि मॅचेस बंद झाल्या. भोंगे वाजायचे, खिडक्यांना आम्ही टेप लावलेली. क्लबाचा गोरा डॉक्टर तर आधीच विमानात बसून पळाला होता. अशात रिकाम्या मैदानावर एकट्याने धावताना स्ट्रायकरचा गुडघा मुरगळला.

माझी बायको रत्नागिरीकडच्या हाडवैदाची मुलगी. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा हात लचकला, पाय मुरगळला, की बायका तिच्याकडे यायच्या. मी मॅनेजरला तसं बोललो. दुसऱ्याच दिवशी क्लबाची गाडी त्याला आमच्या दारात घेऊन आली. एवढा मोठा खेळाडू धोब्याच्या घरी! माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

परक्या पुरुषाला ती हात लावणार नाही. ती पडद्यामागे बसली. हात माझे, अक्कल तिची.

"वाटीच्या खाली दाबा. गरम लागतं काय?"

"लागतं."

"आता बाजूला. पाणी डुचमळतं काय?"

"डुचमळतं गो."

"अवो, नीट बघून सांगा. म्हशीचा पाय नाही तो."

मी पुन्हा दाबलं. तो कण्हला. ते तिने ऐकलं. मग म्हणाली, "आतली शीर तुटायला आलीय. आंबेहळदीचा लेप देते, त्यानं सूज उतरेल. पण तीन महिने धावायचं नाही. सूज उतरली म्हणून पाय बरा झाला असं नाही. हे त्याला बजावून सांगा."

तिला अरबी येत नव्हतं, त्याला मराठी. मधे मी एकटा.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. लढाई आटपली की पहिली मॅच होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजरने मला बजावलं होतं, "याला उभा कर, तुझ्या इकाम्याचं, इथं राहायच्या परवान्याचं, मी बघतो." शिवाय तीन महिने म्हटलं तर ते त्याला रियाधला मोठ्या इस्पितळात नेणार, आणि मी परत साबणाच्या पाण्यात. मी म्हणालो, "तीन दिवस."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

लेपाने सूज उतरली. लढाई थांबली. पहिल्या मॅचला मी टॉवेल घेऊन कडेला उभा होतो. चेंडू घेऊन तो वळला, पाय जागच्या जागी राहिला आणि वरचं अंग फिरलं. पुन्हा तो कधीच खेळला नाही.

मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, "हिंदी बाईच्या हळदीने माझा खेळाडू खाल्ला!" मी खाली मान घालून टॉवेल गोळा केले. बोलणं बिल्डिंगपर्यंत पोचलं. बायका यायच्या बंद झाल्या.

तिने मला विचारलं, "तुमी तीन महिने सांगितलं होतं ना?"

"सांगितलं. त्यानंच ऐकलं नाही."

महिन्याभराने तो कुबड्या घेऊन आला. पडद्यासमोर उभा राहून, तिला मानाने आई म्हणत, मला म्हणाला, "आईला सांग, मी तीन नाही, दहा दिवस थांबलो होतो. तरी असं का झालं? मी तिला दोष देत नाही, फक्त विचारतो."

पडद्यामागून ती म्हणाली, "काय म्हणतो?"

मी म्हटलं, "माफी मागतोय."

ती रडली. म्हणाली, "त्याला सांगा, माझा राग नाही. अल्ला पाय बरा करो." एवढं मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. त्याला उत्तर मिळालं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरी तो "आमीन" म्हणून गेला.

त्यानंतर तिने कुणाच्या पायाला हात लावला नाही. गावी परतल्यावरही नाही. मोहल्ल्यातलं कुणी आलं की म्हणायची, "डॉक्टरकडे जा बाबा, मला काय कळत नाय." हाडवैदाची मुलगी असं बोलायची आणि मी शेजारी बसून चहा प्यायचो.

या रमजानआधी ती गेली. चाळिसावा झाल्यावर आमची मुलगी म्हणाली, "अब्बा, आईने हाडवैदाचं काम का सोडलं?" तिला मी सगळं सांगितलं. बापाला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "आई मरेपर्यंत तुम्हाला वेळ मिळाला नाही?"

मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिने.