बंद ठेवलेली रेघ

भांडण बाहेरच्या खोलीत चाललं होतं आणि आई आत वाटाणे सोलत बसली होती. भिंत पातळ, त्यामुळे कान न लावताही सगळं ऐकू येत होतं. एक आवाज मोठ्या मुलाचा, दुसरा धाकट्या सुनेचा. एरवी दिवसाकाठी चार शब्दांवर न जाणारी माणसं ही.

“भाऊजी, जुने खांब मी बंद करून ठेवले होते.”

“मग माझ्या यंत्रात ते उगवले कुठून?”

“यंत्राला विचारलंत का, काय काय आत घेतोस म्हणून?”

 चप्पल पायात सरकवून मोठा निघून गेला. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. लहानपणी कप फोडला की हा असाच घराबाहेर निघून जायचा.

मोठ्याचं काम आखणीचं. इमारत आधी कागदावर असते, जमिनीवर नुसती माती. कुठला खांब कुठे येणार, तिथे खुंटी ठोकायची. म्हणून त्याला सगळे खुंटीदादा म्हणत. त्याच ऑफिसात धाकटी कॉम्प्युटरवर कॅडमध्ये नकाशे काढायची. नोकरी त्यानेच लावून दिली होती, आणि चारचौघांत ते सांगायला विसरत नसे. तिची फाइल तो हातातल्या यंत्रात, म्हणजे कंट्रोलरमध्ये घ्यायचा, मग कंट्रोलर त्याला अजून एक पाऊल पुढे, जरा डावीकडे, असं करत नेमक्या जागी नेऊन उभं करायचा.

त्या वेळी एका दवाखान्याची इमारत नकाशात रस्त्यापासून दीड मीटर मागे सरकली होती. धाकटीने नवे खांब काढले, जुने वेगळ्या लेयरवर टाकून तो बंद केला. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. बंद केलेला दिसत नाही, पण फाइलमध्ये असतोच. फाइल आत घेताना कंट्रोलर सगळ्या लेयरची यादी दाखवतो, यातले कोणते हवेत विचारतो, आणि स्वतःच सगळ्यांपुढे बरोबरची खूण करून ठेवतो. त्या दिवशी उन्हाने स्क्रीन दिसत नव्हता, खड्डे खणणारं मशीन येऊन घरघरत होतं. खुंटीदादाने यादी न वाचताच ‘हो’ दाबलं, स्क्रीनवर नवे-जुने दोन्ही खांब आले, आणि पुढे बोट पडलं ते जुन्यांवर.

नऊ खड्डे चुकीच्या जागी पडले. साहेबांनी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, नकाशातच तसं आलं होतं. ते पुरतं खोटंही नव्हतं, हीच तर त्यातली मेख. धाकटीला नकाशांवरून उठवून झेरॉक्सपाशी बसवलं. महिनाभरात तिने नोकरी सोडली.

भांडणाच्या त्या दिवशी घरातून निघाला तो थेट ऑफिसात गेला. फाइल पुन्हा आत घेतली, या वेळी यादी वाचली. ‘जुने खांब’ असं स्वच्छ नाव दिलेलं होतं. त्याची कानशिलं तापली. उद्या साहेबांना सांगू, म्हणाला. तो उद्या चौदा वर्षं उजाडला नाही.

तेव्हापासून प्रत्येक कामावर तो आधी सगळ्या खुणा काढून टाकायचा, एकेक नाव मोठ्याने वाचायचा आणि हवी तेवढीच खूण करायचा. मजूर म्हणायचे, दादांचे पाढे सुरू झाले. घरी धाकटी वाढायला आली की याची मान ताटात. जन्मभर सगळ्यांच्या चहाला नावं ठेवणारा माणूस, पण तिच्या चहात साखर कमी आहे असं कधी म्हणाला नाही.

मग धाकट्या नवरा-बायकोने स्वतःचं घर बांधायला काढलं. नकाशा तिचा, आखणी कोण करणार, हे कुणी विचारलंही नाही. रिकाम्या प्लॉटवर तो यादी वाचू लागला. भिंती, खांब, जिना. पुढचं नाव होतं ‘जुना जिना’. तिथे त्याने यंत्रावरून मान वर केली. धाकटी टेपचं टोक धरून समोर उभी होती.

“तेव्हाही यादीत नाव होतं,” तो म्हणाला. “मी वाचलं नाही. चूक माझी होती.”

तिने टेप सोडला नाही. “मला माहीत होतं, भाऊजी. मला सांगून काय उपयोग? साहेबांना सांगायचं होतंत.”

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या घरी गेला. साहेब आता थकले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोण, ती झेरॉक्सवाली?” नकाशे काढायची ती, असं याने तीनदा सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि पाणी घेणार का विचारलं.

साहेबांना तू आठवलीस, असं धाकटीला सांगावं, हे परतताना त्याला फार वाटलं. पण निदान एवढं तरी खरं बोलावं म्हणून घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. घालत राहिली.

निवृत्तीच्या दिवशी काम आलं ते शाळेच्या फाटकाचं, दोन खुंट्यांचं. कुणीही पाव तासात केलं असतं. त्याने यादी उघडली, सगळ्या खुणा काढल्या, नावं वाचली, एकाच नावापुढे खूण केली. खुंट्या ठोकल्या, मधलं अंतर टेपने दोनदा मोजलं, यंत्राच्या तिवईचे पाय फडक्याने पुसले, कंट्रोलर ऑफिसात चार्जिंगला लावला. मग रोजच्यासारखा आईची औषधं घेऊन, आता ती राहायची त्या धाकट्यांच्या घरी गेला आणि मान खाली घालून चहा प्यायला. साखर कमी होती.