चार नवऱ्यांची इंग्रज बाई

ती बाई आयुष्यभर वेगवेगळ्या सिनेमांत काम करत राहिली आणि मी दीड महिन्यात त्या सगळ्यांचा मिळून एकच संसार करून टाकला. तिला हे कधी कळलं नाही, ते बरंच झालं.

बाई इंग्लंडची. जुन्या काळातली मोठी नायिका. तिची आणि आमची गाठ पडली ती मोठ्या आईच्या गुडघ्यामुळे. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यापासून ती दर्यापुरात दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. अमरावतीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती राजापेठेत आमच्याकडे राहायला आली. तिचा मुलगा, माझा चुलत दादा, अकोल्याला बँकेत आहे. गुडघा बरा झाला की आईला कायमचं अकोल्याला न्यायचं आणि दर्यापूरचं घर विकायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. मोठी आई यावर हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. घराची किल्ली मात्र ती उशाखाली घेऊन झोपायची.

आई-बाबा दोघंही दिवसभर नोकरीवर. माझे क्लास सकाळ-संध्याकाळ, त्यामुळे दुपारची मोठी आई माझ्या वाट्याला आली. मालिका तिला नको होत्या. "सासू-सुनंचं काय पाहू? मी दोन्हीकडून करून बसली," म्हणाली. टीव्हीवर यूट्यूब चाळता चाळता ही बाई लागली. कठड्याला हात न लावता भलामोठा जिना उतरत होती. मोठी आई ताठ उठून बसली.

"थांब पोरी. हे पाय कसा टाकते, पाहू दे मले."

बाई खाली आली आणि एका उंच माणसाला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणून राह्यली ते?"

इथे माझी पंचाईत झाली. मी क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, पण व्याकरण. वाक्य कुठूनही उलटं करून द्या, मी सुलटं करून देईन. ही माणसं मात्र तोंड न उघडता बोलत होती आणि मला चार शब्दांतला एक कळत होता. खाली अक्षरंही नव्हती. कळत नाही म्हटलं असतं, तर क्लासच्या बाईला इंग्रजी येत नाही ही बातमी संध्याकाळच्या जीपने दर्यापूरला पोचली असती.

"म्हणते, चहा ठेवू का," मी म्हटलं.

त्या दिवशी जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मोठ्या आईला गोष्टीत फारसा रस नव्हता. तिला बाई कोणाची, ते हवं होतं. माहेर कुठलं? दिली कोणाच्यात? शेती किती? मी तिला लंडनपासून, अमरावतीहून दर्यापूर आहे तेवढ्या अंतरावर माहेर दिलं. शेती वीस एकर दिली. पडद्यावर मैलभर नुसतं गवत दिसत होतं.

"पेरलं काय?"

"गवत."

"वीस एकरात गवत?" ती दिवसभर त्या लोकांवर चिडून होती.

दुसऱ्या दिवशी बाईचा दुसरा सिनेमा लागला आणि त्यात नवरा वेगळा निघाला. सिनेमा वेगळा आहे, हे मी सांगायला हवं होतं. पण मोठ्या आईने विचारलं, "पहिला गेला का?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. झालं! आता पहिल्या सिनेमातलं लेकरू कुठे ठेवायचं? मी त्याला होस्टेलात घातलं. पुढे बाई युद्धातली नर्स झाली, मोठ्या घरची मालकीण झाली, एकदा काळा डगला आणि पांढऱ्या केसांचा टोप घालून कोर्टातही उभी राहिली. "अवो माय, एवढ्यात केस पिकले?" मोठी आई हळहळली. यूट्यूबला काही क्रम नाही, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी बाई विशीतली होऊन आली. मी तिला थंड हवेच्या ठिकाणी पाठवून आणल्याचं सांगितलं. नवरे चार झाले. रंगीत सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा मोठी आई बारकाईने बघत म्हणाली, "नवरे गेल्यावर रंग आला वाटते बाईले." आणि स्वतःच इतकी हसली की गुडघा धरून बसली.

नवरा कितवाही असो, तिचा एक प्रश्न ठरलेला होता. "होस्टेलातलं पोट्टं आलं का भेटाले?"

खोटं जमायला थोडं खरं लागतं, म्हणून मी रात्री मोबाईलवर बाईची माहिती वाचू लागले. नाटकातून सिनेमात आली. पंधरा-वीस वर्षं सगळीकडे तीच. मग वय दिसायला लागलं आणि लोक तिच्याकडे आईची कामं घेऊन यायला लागले. तिने ती परत पाठवली आणि बरीच वर्षं गप्प घरी बसली. शेवटी एका सिनेमात परत आली, म्हातारीच्याच कामात, पण सिनेमा सगळा तिच्यावर. हे वाचून मला उगाच तिचा अभिमान वाटला.

तो शेवटचा सिनेमा आम्ही शेवटच्याच दिवशी पाहिला. दादा गाडी घेऊन आला होता. सकाळी निघायचं होतं. तोही सोफ्यावर येऊन बसला.

समुद्राकाठचं लहानसं घर होतं. म्हातारी झालेली बाई दारात उभी. एक माणूस गाडीतून उतरला.

"हाच का तो होस्टेलातला?" मोठ्या आईने विचारलं.

"हाच," मी म्हटलं, आणि तोंडातून शब्द जाताक्षणी चूक कळली. हमाल खुर्च्या आणि कपाटं बाहेर काढू लागले. बाईने सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली एका परक्या माणसाच्या हातात दिली. मग मुलाच्या गाडीत बसली. गाडी गेली. कोणी काही बोललंसुद्धा नाही.

"काय झालं?" मोठी आई म्हणाली. तिचा हात उशाखाली होता.

मला रडू येत होतं आणि दादाचा रागही येत होता.

"घराला रंग द्यायचाय," मी म्हटलं. "म्हणून सामान काढलं. किल्ली रंगाऱ्याला दिली. तोवर चार दिवस मुलाकडे राहते अन् मग परत येते."

"सामान तं सगळंच नेलं," दादा म्हणाला.

"दादा, तिनं आत्ता सांगितलं ना! तू ऐकलं नाही का इंग्रजी?"

तिने तर जाताना तोंडही उघडलं नव्हतं. पण दादा बँकेत साहेब आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, घसा साफ केला. "हो, तसंच म्हणाली वाटते."

"मंग आपुनही तसंच करू बाबू," मोठी आई म्हणाली. "मी येतो अकोल्याले. तू रंग देऊन घे. मंग मले आणून सोड."

दादाने पाहून ठेवलेल्या गिऱ्हाइकाला नाही कळवलं. मोठी आई अकोल्याला पंधरा दिवस राहिली आणि दर्यापूरला परत आली. घराला पिस्ता रंग लागला. तो तिला आवडत नाही.

पुढे दिवाळीनंतर मी दर्यापूरला गेले. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पायरी कठड्याला हात न लावता उतरली आणि मला मुद्दाम दाखवून उतरली. मग दोघी पायरीवर शेंगा सोलत बसलो.

"त्या बाईनं घर इकलं होतं, नाही?" एकदम म्हणाली.

मी शेंग सोलली आणि दाणे टरफलांत टाकले.

"गुडघा बिघडला होता माहा, डोये नाही. अन् ते चार नवरे! मी काय खुळी हाओ? सिनेमे अलग अलग होते."

"मग बोलली काहून नाही?"

"पाहात होतो, तू कुठवर नेतं ते." तिने शेंगा माझ्या पुढ्यात सारल्या. "पोट्टं न्याले आलं, घरातले सारे म्हणत जाय, जाय. तुह्या बापानंही म्हटलं. अन् तू माह्यासाठी त्या बाईले घरी वापस आणत होती. त्या दिवशी मले समजलं, आपलं कोणीतरी हाय."

मग तिने विचारलं, की त्या बाईचं खरं नाव काय. मी सांगितलं. तिला ते काही म्हणता आलं नाही.