गढीच्या दारातला जोहार

"अजून थोडं वाका ना काका. काठी फ्रेममध्ये येत नाहीये."

पाहुण्या बाईंनी मोबाइल धरला होता. वाकत होता तो माझा बाप. आणि मी बाजूला नऊवारी नेसून, औक्षणाचं ताट धरून उभी.

येवल्याच्या अलीकडं आमचं गाव. गावातली गढी आता हॉटेल झाली आहे. मुंबई-पुण्याची माणसं एका रात्रीपुरती सरदार व्हायला येतात. मी नाशकात हॉटेलचं शिकले आणि गढीतच काउंटरला लागले. बाप बागेला पाणी घालायचा. बरं चाललं होतं. मग धाकट्या मालकांच्या डोक्यात खूळ शिरलं, पाहुण्यांचं स्वागत जुन्या रिवाजानं करायचं.

जुना रिवाज म्हणजे दारात घुंगराची काठी घेतलेला महार. त्यानं कमरेत वाकून "जोहार मायबाप" म्हणायचं. घुंगरं कशाला? महार येतोय हे लांबूनच कळावं, सावली चुकवता यावी म्हणून.

आम्ही महार. आता बौद्ध. आज्ज्यानं ती काठी मोडून चुलीत घातली आणि आजीनं त्याच जाळावर भाकरी भाजली, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मालकांनी नवी काठी करून आणली.

मी बापाला नको म्हणाले होते. तो म्हणाला, "तुझी नोकरी जाईल पोरी. दोन शब्द तर हायेत. माझं काय झिजतंय?"

झिजत होतं. बाप वाकला. जोहार म्हणाला तो पुटपुटल्यासारखा.

"परत एकदा म्हणा ना," बाई म्हणाल्या. "मस्त वाटतं."

माझ्या अंगाची आग झाली. ताट खाली ठेवलं. बापाच्या हातातली काठी घेतली.

"अण्णा, नीट उभा राहा."

मालक धावत आले. दातओठ खात, पण हळू आवाजात म्हणाले, "अगं, यात अपमान कसला? हा वारसा आहे."

"मग तुम्ही धरा." मी काठी त्यांच्यापुढं केली.

त्यांचे दोन्ही हात पाठीमागं गेले. पाहुण्यांनी पाहिलं. मी पण पाहिलं.

मग मी पाहुण्यांना सांगितलं, ही काठी कशाची, घुंगरं कशाला. बाईंनी मोबाइल खाली घेतला. मागून कुणीतरी विचारलं, "जेवण किती वाजता आहे?"

घरी जाताना बाप म्हणाला, "गेली आता नोकरी."

"जाऊ दे."

त्याला भीती वाटत होती. मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण चालताना तो ताठ होता.

नोकरीचं मालक ठरवतील. माझं मी ठरवलंय. गढीत मुक्कामाला येईल त्याला दारातच सांगणार, इथं कोण वाकत होतं आणि कुणापुढं. ठेवलं तर आत उभी राहून सांगेन. काढलं तर बाहेर रस्त्यावर. रस्ता गढीचा नाही.