शुभाकाकूंचा माईक

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या मराठी मंडळात गणपतीच्या कार्यक्रमाचं निवेदन म्हणजे शुभाकाकू, अगदी मंडळ निघाल्यापासून. नव्याने आलेल्यांना त्या घर शोधून देत, पत्त्याच्या सरकारी नोंदणीला, आनमेल्डुंगला, सोबत जात, बाळंतिणीला डबा पोचवत. माईक मात्र कुणाला देत नसत.

यंदा ईप्सिता आली. हायडेलबर्गला पीएचडी करणारी, खणखणीत आवाजाची. पाडव्याला तिनं नुसते आभार मानले, तर लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. शुभाकाकूंनी घरी पोचताच पर्स आपटली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तिचा ळ ऐकलात? ल म्हणते, ल!"

"अगं, पण मजा आली की," मोहनकाका म्हणाले आणि दोन दिवस गार वरण जेवले.

जूनच्या सभेत कुणीतरी निवेदनासाठी ईप्सिताचं नाव सुचवलं. अध्यक्ष पद्माकर म्हणाले, "चिठ्ठ्या टाकून मतं घेऊया?"

"आपल्याआपल्यात कसली लपवाछपवी?" पहिल्या रांगेतल्या काकू खुर्ची वळवून सगळ्यांकडे तोंड करून बसल्या. "मी हवी असेन तर करा हात वर. बघू तरी!"

सगळे हात वर. ईप्सिताचासुद्धा.

चहाच्या वेळी त्या स्वयंपाकघराच्या दाराशी पोचल्या, तर आतून मंडळातल्या गौरांगचा आवाज. "टक लावून बघत होत्या रे! हात खाली कसा ठेवणार? घर त्यांनीच मिळवून दिलंय मला. पण पुन्हा तेच निवेदन... देवा!"

काकू तशाच परत फिरल्या. "पद्माकर, चिठ्ठ्या काढा."

"अहो काकू, जिंकलात तुम्ही!"

"काढा म्हणते ना!"

चिठ्ठ्या उघडल्या. ईप्सिता निवडून आली. काकूंना मतं चार, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं.

मग त्यांच्यापुढे रांगच लागली.

"काकू, मी तुम्हालाच दिलं हं," पद्माकर.

"मीपण! गेनाऊ, अगदी तुम्हालाच!" गौरांग.

नीता आली, नीताचा नवरा आला, आणखी दोघं आले. मोहनकाकांनी तर गळ्याची शपथ घेतली. काकू हसून मान डोलवत होत्या आणि पदराआड बोटं मोजत होत्या. चार कधीच उलटून गेले होते.

शेवटी ईप्सिता आली. "काकू, मी मत मलाच दिलं. माईक हवाच होता मला."

त्या संध्याकाळी तोंडावर बोललेलं एवढं एकच वाक्य काकूंना खरं वाटलं, आणि सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

"मलाही हवा होता," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.