डाव्या हाताने पेरलेला घट

गेल्या वर्षी श्रावणात माझा उजवा हात गेला. सकाळी ब्लाउजला हुक लावत बसले होते. सुई खाली पडली, ती उचलायला गेले तर बोटंच वळेनात. जीभही जड झाली. वेळेत दवाखान्यात पोचलो म्हणून जिवावरचं हातावर निभावलं. जीभ आठवड्याभरात पूर्वीसारखी चालायला लागली. ती कधी थांबलीय, असं आमचे हे म्हणतात. हात मात्र लोंबत राहिला. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने मोलाचे आहेत, रोज व्यायाम केलात तर हात परत येईल. शेवगावात मी वीस वर्षं ब्लाउज शिवतेय. हा हात परत आला नाही तर मी कोण म्हणून उरणार, ही एकच भीती मला खात होती.

मी नेमाने व्यायाम करत होते. चेंडू दाबायचा, भिंतीवर बोटं चढवायची, सगळं. मग नवरात्र आलं. आमच्या घरी घट माझ्याच हाताने बसतो. धाकट्या दिरांनी शेतातली पिशवीभर माती आणून दिली. पेरायच्या वेळी उजव्या हाताची मूठ उघडेना. हे म्हणाले, मी पेरतो. पण मी पडले हट्टी, डाव्या हाताने गहू पेरला. देवाच्या कामात डावा हात पुढे केला म्हणून लहानपणी मी आईचा मार खाल्लेला, त्यामुळे पेरताना मनात चर्र झालं. चौथ्या माळेला कोंब वर आले, बरं वाटलं. सहाव्या माळेला ते पिवळे पडले आणि त्यांनी माना टाकल्या. दसऱ्याला यांच्या टोपीत खोवायला एक तुरा निघाला नाही. शेजारणी दर्शनाला आल्या तेव्हा मी घटावर पदरासारखा एक खण टाकून ठेवला होता.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक गोष्ट सांगायला लागले. देवीआईने माझी डाव्या हाताची सेवा नाकारली. हात तिनेच नेला आणि आता ती तो परत देणार नाही. मग त्या गोष्टीला मी रोज एकेक ठिगळ लावत गेले. अमक्या वर्षी नैवेद्याला उशीर झाला होता, तमक्या वर्षी उपास मोडला होता, सगळं आठवून आठवून जोडलं. गोष्ट इतकी पक्की शिवली गेली की व्यायाम मी सोडूनच दिला. देवीनेच नको म्हटल्यावर चेंडू दाबून काय व्हायचं होतं? मशीनवर चादर टाकली. हे समजावून थकले. मी सरळ भिंतीकडे तोंड करून झोपायचे. खरं सांगते, मला देवीचा राग येत होता आणि तो कबूल करायची भीतीही वाटत होती.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी यांनी टेम्पो दारात लावला. म्हणाले, "चल मोहट्याच्या देवीला. आई रागावली असेल तर तिला तोंडावरच विचारू." मला हसूही आलं आणि रडूही. गेले.

बायकांच्या रांगेत माझ्यामागे एक म्हातारी होती. बीडकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. माझ्या हाताकडे बघून तिने विचारलं आणि का कोण जाणे, नवऱ्यालाही पुरतं न सांगितलेलं मी तिला सांगून टाकलं. डावा हात, वाळलेला घट, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने एकच विचारलं, "माती कुठली व्हती? रानात औषध मारलेलं व्हतं का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घट असाच गेला," ती म्हणाली. "सासूनं वर्षभर मला पांढऱ्या पायाची म्हणलं. मग मालक बोलले, माती तणाचं औषध मारलेल्या वावरातली व्हती. मला तर सासू बोलत व्हती, बाई. तू तर सोताच सोताची सासू झालीस की. आन् देवीला कसलं आलंय डावं-उजवं? लेकरू उचलताना आपण कोणता हात, ते बघतो का?"

गाभाऱ्यापुढे आलो. ओटी भरायला ओंजळ लागते आणि माझी ओंजळ होत नव्हती. तिने माझ्या उजव्या हाताखाली आपला खरखरीत तळवा धरला. तांदूळ घेतले, बोटं थरथरली, थोडे सांडले, पण बरेचसे ओंजळीत राहिले. मी आईकडे बघितलं आणि मला हुंदका आवरेना. डोळे पुसून वळले तोवर गर्दीने आम्हाला वेगळं केलं होतं. बाहेर खूप शोधलं, यांनाही शोधायला लावलं. नाव विचारायचं राहून गेलं होतं. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. माझ्यापुरतं मला माहीत आहे.

परतताना दिरांच्या वस्तीवर थांबलो. विचारलं तर ते डोकं खाजवत म्हणाले, "व्हय वहिनी, उसात तणाचं औषध मारलं हुतं. तुमी माती म्हनाल्या, मी दारापुढच्या सरीतलीच भरली. घटाला पायजे हाय, हे ध्यानातच न्हाई आलं." बिचारे पुढे महिनाभर माझ्यासमोर यायला लाजत होते.

त्याच संध्याकाळी मी मशीनवरची चादर काढली आणि चेंडू शोधला. तो पलंगाखाली गेला होता. ताटात गहू घेऊन उजव्या हाताने एकेक दाणा उचलायला बसले. पहिल्या दिवशी तीन उचलले गेले. वाया घालवलेला महिना परत आला नाही, करंगळी अजून पुरती वळत नाही. पण आईचा जप करत दाणे उचलायचे आणि पुढचं तिच्यावर सोडायचं, एवढं मला जमायला लागलं. होळीच्या सुमाराला मी पहिला ब्लाउज शिवला. टीप वाकडी गेली होती, पण गिऱ्हाईक ओळखीचं होतं, चालवून घेतलं.

यंदा ओढ्याकाठची माती मी स्वतः आणली. घट बसवायला घेतला तेव्हा हे कौतुकाने बघत होते, आता ही उजव्या हाताने पेरणार म्हणून. मी उजव्या हाताने माती भरलेलं पातेलं घट्ट धरलं आणि डाव्या हाताने गहू पेरला. आता दरवर्षी असाच पेरणार आहे. आईने तो हात कधी नाकारलाच नव्हता. दसऱ्याला यांच्या टोपीत मावेनात इतके तुरे निघाले.